आडवा बसलेला तुकडा

तीस वर्षं मी लॅबमध्ये नोकरी केली, पण पेशंटचं तोंड फारसं कधी पाहिलं नाही. माझ्याकडे यायचा तो पेशंटचा तुकडा. बाटलीत, फॉर्मलीनमध्ये बुडालेला, वर चिकटपट्टीवर नाव आणि वय. कोणाची मानेतली गाठ, कोणाच्या पोटातलं काहीबाही. आमचे हे सुरुवातीला जेवताना कौतुकाने विचारायचे, आज काय आलं होतं? एकदा मी खरंच सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमची लॅब. खाली रक्त-लघवी, वर लाकडी जिना चढून आमचं तुकड्यांचं खातं. तिथे माणसं दोनच, आमचे डॉक्टर आणि टेक्निशियन मी. मी जन्माची भित्री. घराला कुलूप लावून एसटी स्टँडपर्यंत गेलेली बाई कुलूप ओढून बघायला परत येते ना, ती मी. नावांच्या चिठ्ठ्या मी तीन तीनदा वाचायची. डॉक्टर चेष्टा करायचे, पण एकदाही 'पुरे' म्हणाले नाहीत. आमच्या धंद्यात भित्रं माणूसच टिकतं. मी धीट झाले ते एकदाच, आणि तेव्हाच शेण खाल्लं. ती गोष्ट सांगायला बसले आहे.

आधी काम समजून घ्या, म्हणजे चूक कळेल. बाटलीतला तुकडा मऊ असतो, तो तसाच पातळ कापता येत नाही. म्हणून त्यातलं पाणी काढून आत मेण भरायचं. मग छोट्या साच्यात वितळलेलं मेण ओतून त्यात तुकडा चिमट्याने बसवायचा आणि गार होऊ द्यायचं. झाला ब्लॉक. तो यंत्राला लावून इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जातील. ते कोमट पाण्यावर पसरायचे, काचेच्या स्लाइडवर अलगद उचलायचे आणि रंगवायचे, जांभळा आणि गुलाबी. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार आणि एका ओळीत कोणाचं तरी नशीब लिहिणार.

यात सगळ्यात नाजूक काम तुकडा बसवण्याचं. जिभेची, गालाची वरची कातडी असते ना, तिला खालच्या बाजूने बारीक मुळ्या असतात. तुकडा मेणात उभा बसवला तर कापात वरचा थर आणि त्याला लागलेल्या मुळ्या नीट दिसतात. आडवा पडला तर घात. बाजारातल्या मुळ्याच्या भाजीची जुडी पानांसकट उभी चिरली तर कुठला मुळा कुठल्या पानांचा ते दिसतं. आडवी चिरली तर नुसत्या गोल चकत्या. आणि कॅन्सर म्हणजे तरी काय, कातडीच्या पेशी आपली जागा सोडून खालच्या मांसात घुसतात, त्यांची सुटी बेटं दिसतात. आता चकत्या आणि बेटं यात फरक करायचा कसा? कधी कधी भल्या भल्या डॉक्टरांनाही करता येत नाही.

आमच्या डॉक्टरांना शंका आली की ते स्लाइड मुंबईला पाठवायचे. तिथे त्यांना शिकवलेल्या एक मॅडम होत्या, तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. कापसात गुंडाळून, खोक्यात घालून स्लाइड जाणार आणि उत्तर यायला आठ-दहा दिवस. एकदा खोकं पोचलं तेव्हा आत काचेचा चुराच होता. तो पेशंट रोज जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसायचा.

मग दोन हजार तीन-चारच्या सुमाराला डॉक्टरांनी डिजिटल कॅमेरा आणला. साधाच, लग्नात फोटो काढतात तसला. कुडाळच्या लेथवाल्याकडून पितळेचं एक कडं करून घेतलं आणि कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर बसवला. पहिला फोटो कॉम्प्युटरवर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझ्या हातची स्लाइड, इतकी वर्षं फक्त डॉक्टरांच्या एका डोळ्याला दिसणारी, टीव्हीएवढी मोठी समोर. मला रडूच आलं.

त्या पडद्याची कीर्ती लगेच पसरली. दांडी किनाऱ्यावरचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, पाठीतली चरबीची साधी गाठ काढून घेतलेले, चार नातेवाईक घेऊन जिना चढून आले. म्हणाले, माझी गाठ मला बघायची आहे. डॉक्टरांनी दाखवली. चरबीच्या पेशी म्हणजे नुसती पोकळ घरं एकाला एक लागून. तांडेलांनी चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "ह्या तर आमचा जाळा." त्यांनी त्याची छापील प्रत मागून नेली आणि म्हणे देव्हाऱ्याशेजारी चिकटवली.

फोटो मुंबईला जायचे ईमेलने. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. ते लावलं की लॅबचा फोन बंद. एक फोटो जायला दहा दहा मिनिटं, मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मॅडमनी आणि डॉक्टरांनी ठरवलं, एका पेशंटचे आठच फोटो पाठवायचे. स्लाइडवर जागा शेकडो. त्यातल्या आठ कोणत्या? पहिले काही महिने डॉक्टर निवडायचे. मग माझी नजर बसली तसं ते म्हणू लागले, तुम्हीच काढा, मी बघतो. पुढे पुढे बघणंही कमी झालं. मॅडमनी एकदा लिहून कळवलं की तुमच्या टेक्निशियनचे फोटो पुस्तकात छापण्यासारखे असतात. ते पत्र मी घरी नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. तिथून माझं डोकं फिरलं. मी चांगले फोटो काढू लागले, म्हणजे दिसायला चांगले. रंग खुललेले, काप सपाट, कुठे सुरकुती नाही, डाग नाही.

सुभद्रा आली ती याच दिवसांत. देवबागची. घोव, म्हणजे नवरा, होडीवर जाई, ही मालवणच्या बाजारात मासळी विकी. आमच्याकडे तुकड्याची बाटली कधी कधी पेशंट स्वतःच वर घेऊन येतो, दुसरं कोण आणणार? दातांच्या डॉक्टरांनी जिभेच्या कडेची जखम बघून तुकडा काढला आणि बाटली तिच्याच हातात दिली. ती आली तेव्हा जिभेला टाका होता, तरी बोलायची थांबली नव्हती. बाटली टेबलावर ठेवून बोबडं बोबडं म्हणाली, "बाय, ह्या माझा आसा. संभाळून कर हां." मी मिश्रीबद्दल विचारलं. लहानपणापासून लावते म्हणाली, दिवसातून चार वेळा. बाजारात तिची हाक मी ओळखायचे, पलीकडच्या टोकाला बांगडा आला की माझ्या खिडकीत कळायचं.

तुकडा तुरीच्या डाळीएवढा. ज्या दिवशी तो मेणात बसवायचा, त्या दिवशी लोडशेडिंगची वेळ बदलली होती आणि मला माहीत नव्हतं. साच्यात मेण ओतलं, चिमट्याने तुकडा उभा धरला आणि पंखा, दिवा, गरम पट्टी सगळं बंद. मेण माझ्या डोळ्यांदेखत धुरकट व्हायला लागलं. चिमटा काढला तेव्हा तुकडा जरा कलल्यासारखा वाटला. वाटला म्हणजे काय, कललाच होता. नियम असा की वीज येईपर्यंत थांबायचं, ब्लॉक वितळवायचा आणि पुन्हा बसवायचा. पण ट्रेमध्ये आणखी अकरा तुकडे होते, आणि मी मनात म्हटलं, असू दे, चालतंय. तीस वर्षांत लॅबमध्ये तो शब्द माझ्या मनात एकदाच आला असेल.

दुसऱ्या दिवशी काप काढले. दोन स्लाइड सुंदर आल्या. तिसरीला चुणी पडली होती, काप कडेला दुमडलेला. चुणी म्हणजे आमच्या कामातली नामुष्की. ती स्लाइड मी डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवलीच नाही, खणात सारली. दोन सुंदर स्लाइडवरून आठ सुंदर फोटो काढले. डॉक्टरांनी बघितलं, चेहरा पडला. म्हणाले, मला घुसलेला कॅन्सरच वाटतोय, पण जिभेचा प्रश्न आहे, मॅडमना विचारू. मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फोटोंत खोलवर सुटी बेटं दिसताहेत, कॅन्सर धरून चाला, उशीर करू नका. गोव्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं, पुढच्या गुरुवारी. अर्धी जीभ जाणार होती.

सुभद्राला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी पलीकडे स्लाइड पुसत होते. तिने एकच विचारलं, "मगे बोलूक येतला?" डॉक्टर म्हणाले, थोडंफार, सवयीने, जवळच्या माणसांना समजेल इतपत. ती मान हलवून गेली.

सोमवारी सकाळी मी गोव्याला पाठवायच्या स्लाइड बांधायला घेतल्या. पेशंट दुसरीकडे चालला की सगळ्या स्लाइड द्यायच्या, म्हणून खणातली चुणीवालीही काढली. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चुणीच्या पलीकडे, अगदी कडेला, कातडीचा वरचा थर एवढासा उरला होता. सरळ नव्हता, तिरका उतरत गेला होता. आणि आम्ही ज्यांना बेटं म्हणत होतो ती त्या उतारातूनच निघत होती. मुळ्यांच्या चकत्या होत्या त्या. निदान असाव्यात. तुकडा आडवा होता आणि ते मला बसवतानाच कळलं होतं.

मी स्टुलावर बसून राहिले. गप्प राहिले तर कोणाला कळणार नव्हतं. कॅन्सर असेलही, मग मी उगाच बभ्रा करून ऑपरेशन लांबवलं असं होईल, आणि ती त्यात गेली तर? आणि कॅन्सर नसेल, तर एका चांगल्या बाईची जीभ माझ्या 'चालतंय'पायी जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मला नोकरीची भीती वाटत होती, हेही लिहून टाकते. पुस्तकात छापण्यासारख्या फोटोंची बाई मी. घड्याळ बघत बघत मी दुपार केली.

डॉक्टर डबा उघडून बसले होते. मी समोर उभी राहून म्हटलं, "डॉक्टर, देवबागच्या बाईचा तुकडा मी आडवा बसवलाय. आणि एक स्लाइड तुमच्यापासून लपवली." त्यांनी घास खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, हात धुतले, चुणीवाली स्लाइड बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ब्लॉक वितळवा."

मग मी विचारलं, सुभद्राला कळवायचं का? ते म्हणाले, अजून काहीच नक्की नाही, खोटी आशा लावून पुन्हा तोडायची नाही. ऑपरेशन गुरुवारी आहे, बुधवारपर्यंत बघू. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण तिच्यासमोर जायचं टळलं.

ब्लॉकमधला तुकडा आता डाळीएवढाही नव्हता, निम्मा कापांत गेला होता. तेवढाच जगात शिल्लक. वितळवताना चिमट्याला चिकटून हरवला, किंवा पुन्हा कलला, तर तिसरी संधी नव्हती. मी आधी वीज मंडळात फोन करून लोडशेडिंगची वेळ विचारली, ती लिहून घेतली आणि त्यावरही विश्वास ठेवला नाही. खालच्या मजल्यावरून स्टोव्ह आणून पेटवून ठेवला. डॉक्टर स्वतः भिंग धरून उभे राहिले. मेणात तुकडा उभा केला आणि मेण पांढरं होईपर्यंत मी त्यावरून नजर हलवली नाही. मग कापायला घेतलं. पहिले दोन काप फुकट गेले आणि मी मनातल्या मनात सगळ्या ग्रामदेवतांना नारळ बोलले. तिसऱ्याला वरचा थर दिसला, सबंध, एका रेषेत.

या वेळी मी फोटो निवडले नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाऊल सरकवावं तसं सरकवत चव्वेचाळीस फोटो काढले. चुण्या, डाग, हवेचे बुडबुडे, सगळं. जुनी लपवलेली स्लाइडही. मंगळवारचा अख्खा दिवस ते पाठवण्यात गेला. लाइन सात वेळा तुटली. लॅबचा फोन लागत नाही म्हणून खाली लोक चिडले होते, आणि मी कॉम्प्युटरपुढे बसून पडद्यावरची निळी पट्टी सरकते का बघत होते. एका फोटोला ती मध्येच थांबली तेव्हा मी पट्टीशी मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी जेवणवेळेच्या आधी मॅडमचा फोन आला. डॉक्टरांनी ऐकलं, ऐकलं, आणि टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं, ही त्यांची आनंदाची खूण. वरच्या थरातल्या पेशी बिघडल्या आहेत, पुढे कॅन्सर होऊ शकेल इतक्या, पण मुळ्या शाबूत आहेत, खाली काही घुसलेलं नाही. तेवढा चट्टा मार्जिन ठेवून, म्हणजे कडेची थोडी चांगली कातडी धरून, काढा, मिश्री बंद करा, दर तीन महिन्यांनी बघा. जीभ राहील. गोव्याला फोन करून ऑपरेशन बदलून घेतलं. मग मॅडमना माझ्याशी बोलायचं होतं. मी शिव्यांची तयारी करून फोन कानाला लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वेळी मी काय बघितलं नाही, ते तुम्ही ठरवलंत. मीही विचारलं नाही. दोघींनी लक्षात ठेवू." पुढे त्या विद्यार्थ्यांना ते दोन्ही संच शेजारी शेजारी लावून शिकवत, आधी माझे आठ, मग चव्वेचाळीस. पोरं आठांवर एकमुखाने कॅन्सर म्हणत. माझे फोटो शेवटी शिकवण्यात आले ते असे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो की लाज, ते अजून ठरलेलं नाही.

सुभद्रा बुधवारी संध्याकाळी कागद न्यायला आली. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच सांगा. मी सांगितलं. तुकडा मी चुकीचा बसवला होता, त्यामुळे चुकीचं दिसलं, जीभ कापणार नाहीत, लहानसा चट्टा काढतील. तिने दोनदा विचारून खात्री केली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल. दोन्हीची माझी तयारी होती. ती बाकावर बसली आणि पदराने मान पुसत राहिली.

मग तिने जे सांगितलं ते असं. तिचा धाकटा दीर मुंबईला गेलेला. पाच वर्षं त्याचं पत्र नाही, फोन नाही, कुठे आहे पत्ता नाही. सासूला हे माहीत नव्हतं. सुभद्रा दर रविवारी फोनच्या बूथवर जाऊन येई आणि सासूपाशी बसून सांगे, फोन इल्लो. त्याला सर्दी झाली होती, आता बरी आहे. त्याची खोली बदलली. तो तुझ्या हातच्या सोलकढीची आठवण काढतो. पाच वर्षं, प्रत्येक रविवारी नवीन काहीतरी. घोवाला हे माहीत होतं, पण त्याला असलं काही रचून सांगता येत नसे.

"जीभ गेल्यार कोण सांगतला तिका?" सुभद्रा म्हणाली. "फोन कित्याक नाय, फोन कित्याक नाय, म्हणान ती मरात. म्हटलं, जीभ आसा तवसर माझ्याच तोंडान खरा सांगतंय. काल सांजचा सांगलंय."

मी विचारलं, फोन कधी आलाच नव्हता हे कळल्यावर काय म्हणाल्या सासूबाई?

"काय नाय. किती वर्षां, इतक्याच इचारल्यान. मी म्हटलं, पाच. मगे भितीक तोंड करून निजली. आज सकाळी चाय पण घेऊक नाय." ती बाकावरून उठली. "आता जीभ ऱ्हवली गो बाय. पण आयतवारी तिका सांगू काय?"

काल म्हणजे मंगळवार. आम्हाला सोमवारी दुपारपासून शंका होती. मी तिला कागद दिले, जिन्यावरून सांभाळून उतर म्हटलं. तुकड्याची चूक मी तिला सांगितली होती. सोमवारचं सांगितलं नाही, आणि नंतर दर तीन महिन्यांनी ती येत राहिली तेव्हाही नाही.